अडीच पावलांवरून

नेइआफू, २१ जानेवारी

फेलेती,

ऑकलंडहून पाठवलेलं पिंप मिळालं. जहाज चार दिवस उशिरा आलं, पण आत पाणी शिरलेलं नाही. झाकण उघडल्याबरोबर साबणाचा वास सगळ्या घरभर झाला. मांसाचे डबे, पीठ, तुझ्या लेकीचे, लेसिएलीचे, जुने कपडे, चर्चसाठी पांढरं कापड, सगळं नीट आलं. कोणाला काय दिलं ते कालोलाइनला फोनवर सांगितलं आहे. तुझ्या बायकोची यादी माझ्यापेक्षा पक्की असते, ती चुकायची नाही.

पिंप तिने भरलं हे मला माहीत आहे. पण तळाशी रग्बीच्या जुन्या मोज्यात गुंडाळलेली लेन्स तिने ठेवलेली नाही. मोजा तुझा आहे. टाचेचं रफू माझं आहे, बहीण स्वतःचा टाका ओळखते. म्हणून सहा वर्षांनी हे पत्र.

आभार मानते. आता तक्रार.

मी कालोलाइनला सांगितलं होतं ते तीनशे मिलिमीटरच्या, लांबचं जवळ ओढणाऱ्या लेन्सबद्दल. या बेटावरच्या दमट हवेने माझीच्या आत बुरशी धरली. पांढरी जाळी, कोळ्याने विणल्यासारखी. मागच्या मोसमात काढलेला प्रत्येक देवमासा धुक्यातून पोहतोय असं दिसत होतं. मला तशीच दुसरी हवी होती. तू पाठवलीस ती बशीत मावेल एवढीशी आहे. वर पस्तीस लिहिलं आहे. पर्यटकांना देवमासे दाखवणाऱ्या बोटीवरच्या मोसेसेने बघितली आणि म्हणाला, "लोसालिनीबाई, तुमची तोफ धुतल्यावर आटली काय?"

हस तूही. पण माझं काम कसं चालायचं सांग. त्या मोठ्या लेन्सने मी बोटीच्या टपावर बसून शेपटी जवळ ओढायचे. लग्नात मागच्या भिंतीला टेकून उभी राहायचे आणि नवरीच्या पापणीवरचं पाणी टिपायचे. कोणाच्या वाटेत नाही, कोणाच्या नजरेत नाही. वीस वर्षं मी अशी काढली. या लेन्समध्ये माणूस नीट भरायचा तर त्याच्यापासून अडीच पावलांवर जावं लागतं. काल अंगणातल्या माडापुढे उभं राहून मोजलं. माडाने काही तक्रार केली नाही, माणसं करतील.

त्या फोटोबद्दल मी काही लिहिणार नाही. हॉटेलवाल्यांनी तो माझ्या दुकानातून परस्पर नेला, हे तेव्हाच सांगून झालं आहे.

लेन्स बिस्किटाच्या डब्यात तांदळात पुरून ठेवली आहे, दमट हवा लागू नये म्हणून.

— लोसालिनी


नेइआफू, ९ मार्च

फेलेती,

तू उत्तर दिलं नाहीस, आणि देशील असं मला वाटलंही नव्हतं. तरी लिहिते. रविवार आहे, कामं बंद आहेत, आणि पत्र लिहिणं हे काम नाही असं मी ठरवलं आहे.

गेला आठवडाभर चर्चमागच्या खोलीत बायका टापा करायला बसत होत्या. सालीचं कापड एकाला एक डकवायचं काम. लांबलचक फळीच्या दोन्ही बाजूंना बसून सगळ्याजणी सारख्या बोलत होत्या. यांचे फोटो मी आधी कितीतरी वेळा काढले होते, दारातून. या वेळी दारातून या लेन्समध्ये नुसतं छत आणि फळी दिसली, आणि तिच्या कडेला मुंग्यांएवढ्या बायका. मी दारात उभी राहून एकदा पुढे, एकदा मागे करत होते.

म्हातारी तेमालेती ओरडली, "दारात उभी राहून काय मोजतेस गं? आत ये. आम्ही चावत नाही, दात कुठे राहिलेत."

मी आत गेले. कॅमेरा वर करणार तेवढ्यात तिने खळीचं भांडं माझ्या हातात दिलं. "नुसतं बसायला मिळत नाही इथे. लाव."

दोन तास मी खळ लावली. हात इतके चिकट झाले की कॅमेऱ्याला लावायची सोय नव्हती. त्या दोन तासांत कोणाच्या सुनेने काय केलं, पाद्रीबाबांच्या बायकोने केस कुठून काळे केले, हे सगळं मला समजलं. मग हात धुऊन आले आणि तिथेच बसल्या बसल्या खाकरले. घरात भाऊ असताना आपण आत शिरायच्या आधी खाकरतो ना, तसं. सवयीनेच झालं. म्हटलं, "काढू का?"

"काढ की. मघापासून वाट बघतेय," तेमालेती म्हणाली, "पण हा गाल. त्या गालाचं नवऱ्याबरोबर दफन झालं."

फोटोत ती माझ्याकडे बघते आहे आणि मेलेल्या नवऱ्याबद्दल काहीतरी खोटं सांगते आहे. खोटं आहे हे सुद्धा फोटोत दिसतं. बाजूची बाई हसू दाबते आहे आणि तिच्या कोपराला खळ लागली आहे. जुने फोटो काढून पाहिले. त्यांत याच बायका आहेत, मान खाली घालून काम करणाऱ्या, सुंदर. पण त्या कोणाच्याही असू शकतात. पर्यटक तेच विकत घेतात. हा फोटो तेमालेतीने स्वतः मागून नेला आणि भिंतीवर लावला.

मला अजून ही लेन्स आवडत नाही. एवढंच सांगायचं होतं.

— लोसालिनी


नेइआफू, मे महिन्याचा पहिला रविवार

फेलेती,

आज मुलांचा रविवार. सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत, पाठ केलेली बायबलची वचनं घेऊन. तू नऊ वर्षांचा असताना तुझं वचन विसरलास आणि त्याऐवजी आपल्या दुकानातल्या पाटीवरचं सगळं म्हणून दाखवलंस, ते आजही लोक सांगतात.

रविवारी कॅमेरा बाहेर काढता येत नाही, म्हणून मी काल तालमीला गेले होते. पूर्वी शेवटच्या बाकावरून काढायचे. काल मुलांच्या समोर गुडघ्यांवर बसले, अडीच पावलांवर. एक चार वर्षांची मुलगी उभी राहिली, तोंड उघडलं आणि थांबली. मी कॅमेरा लावून वाट बघते आहे, ती माझ्याकडे बघते आहे. मग ती मोठ्यांदा म्हणाली, "तू सरक ना. माझं वचन तुझ्या मागे राहिलं."

चर्च हसून हसून पडलं. मी सरकले. कॅमेरा मांडीवर ठेवला आणि तिचं वचन ऐकलं. तिने पूर्ण म्हटलं. फोटो निघाला नाही, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

घरी येऊन मात्र झोपले नाही. म्हणून आता लिहिते, जे जानेवारीत लिहिणार नाही म्हणाले होते.

बाबांच्या दफनाच्या दिवशी मी चर्चच्या खिडकीत होते. तू घराच्या मागे, स्वयंपाकाच्या भट्टीच्या पलीकडे, नारळाच्या सोडणांच्या ढिगावर बसला होतास. कमरेला रीतीप्रमाणे दुखवट्याची फाटकी चटई गुंडाळलेली. तिची कड तोंडात धरली होतीस, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. तोंडावर भट्टीची राख आणि राखेतून पाण्याच्या दोन रेघा. साठ पावलं तरी अंतर असेल. तिथे कोणी नव्हतं आणि कोणी येणार नाही म्हणूनच तू तिथे बसला होतास.

बहिणीने काय करायचं हे मला शिकवायला नको. खाकरायचं आणि तोंड फिरवायचं. मी अकरा फोटो काढले.

इतक्या लांबच्या लेन्सला खाकरता येत नाही, फेलेती. हे कारण नाही, मी कारण देत नाही. त्या मुलीने मला सरक म्हटलं, कारण मी तिला दिसत होते. तूही म्हणाला असतास. तुला मी दिसतच नव्हते, आणि मला ते माहीत होतं.

दुसरं. हॉटेलवाल्यांनी तो फोटो परस्पर नेला नाही. मी नेऊन दिला. चौकट मी निवडली, काळ्या लाकडाची. मी काढलेला तो सगळ्यांत चांगला फोटो होता आणि मला तो लोकांनी बघायला हवा होता. तू मासळी पोचवायला तिथे गेलास आणि न्याहारी करणाऱ्या अनोळखी माणसांच्या डोक्यांवर स्वतःला बघितलंस. बंदरावर पोरं तुला म्हणाली, "काय रे, बहिणीने रडताना पकडलं?" तीन महिन्यांत तू ऑकलंडला गेलास. लोक म्हणतात कामासाठी गेला. मीही तेच म्हणते.

परवा जाऊन तो फोटो उतरवून आणला. तिथली बाई म्हणाली, "अहो, मग या जागेवर काय लावू?"

"भिंत चांगली आहे," मी म्हटलं, "तीच दिसू दे थोडे दिवस."

फोटो माझ्याकडे आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून. तो तुझा आहे. कसा द्यायचा ते मला अजून कळलेलं नाही.

लोसालिनी


नेइआफू, १८ जुलै

फेलेती,

देवमासे आले. मोसेसेने पहिल्याच दिवशी माझी लेन्स बघून विचारलं, "बाई, यंदा देवमाशाचा फोटो देणार की समुद्राचा?"

खरंच, माझ्या फोटोत देवमासा म्हणजे पाण्यावर पडलेलं खजुराचं बी. पहिले दोन दिवस रडकुंडीला आले. तिसऱ्या दिवशी मी टपावरून खाली उतरले आणि लोकांच्यात जाऊन बसले, देवमाशाकडे पाठ करून. त्यांना आधीच सांगितलं, मी तुमचे काढणार आहे, चालेल ना. एक जाड आजोबा होते, सकाळपासून उलट्या करून बेजार झालेले. मासा बोटीजवळ वर आला आणि त्यांनी बायकोचा हात सोडून शेजारच्या परक्या बाईचा हात धरला. बायकोनेही कोणा तिसऱ्याचाच धरला होता. तो फोटो त्या दोघांनी मागितला, त्या परक्या बाईनेही मागितला. आता मोसेसे सगळ्यांना सांगतो, "शेपट्या दुसऱ्या बोटीवर मिळतील. आमच्याकडे तुम्ही मिळाल."

मी सुखात आहे, हे तुला कळावं म्हणून हे लिहिलं. आता खरी गोष्ट.

लेसिएलीचं लग्न इथे होणार म्हणून गाव खूश आहे. नवरा आपल्याच गल्लीतला, तेव्हा तुम्हाला यावंच लागणार. पोरीने फोन करून हट्ट धरला, "आत्या, फोटो तूच काढायचेस. दुसरं कोणी काढलं तर मी हसणार नाही." तेमालेतीने ते ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "आत्याने सगळ्यांत वरच्या चटईवर बसायचं असतं. ही गुडघ्यांवर रांगायला लागली तर मान कोणाला द्यायचा, कॅमेऱ्याला?"

मी हसत होते. मग कालोलाइन फोनवर आली. म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाचं ऐकलंत का? म्हणतो, ती फोटो काढणार असेल तर मी मागे भट्टीपाशी थांबतो, डुकरं भाजत. मुलीच्या लग्नात बाप मागच्या दारी! पोरगी रडून रडून थकली."

एवढं बोलून तीच घाबरली असावी, म्हणून विषय बदलायला म्हणाली, "तसं त्याच्या मनात नाही हो. लेन्स त्यानेच निवडली. दुकानदाराने विचारलं, त्या बाई कशाचे फोटो काढतात? तर हा म्हणाला, 'ते मला माहीत नाही. ज्यातून लांबून चोरून बघता येत नाही, अशी कोणतीही द्या.'"

मग तिलाच कळलं आपण काय बोलून गेलो ते. "वन्सं? वन्सं, आहात ना?"

होते मी. दुकानाच्या पायरीवर बसले होते.

दोन दिवस मी ती थप्पड समजत होते. मग विचार केला. मी कॅमेराच खाली ठेवावा असं तुला वाटत असतं, तर मोज्यात काही घालायची गरज नव्हती. नुसता मोजा पाठवला असतास तरी कळलं असतं. तू माझं बघणं बंद केलं नाहीस. जवळ येऊन बघ म्हणालास. सहा महिने मी तेच करते आहे, आणि मला ते तू सांगितलं आहेस हे ठाऊक नव्हतं.

तेव्हा ऐक. लग्नात मी कॅमेरा उचलणार नाही. बंदराजवळच्या स्टुडिओतला मुलगा येईल, काढेल बरेवाईट. मी चटईवर बसेन, केकचा वरचा थर घेईन आणि शहाण्या आत्यासारखी मान हलवेन. लेसिएलीला मी समजावते, ती हसेल. तू मात्र पुढच्या दाराने ये. तिच्या लग्नाच्या एकाही फोटोत तू नसलास, तर माझ्यामुळे तुझं आणखी एकदा वाटोळं होईल. एकदा झालं तेवढं पुरे.

भट्टी बाकीचे सांभाळतील. तुझी डुकरं तशीही करपतात.

— लोसालिनी


नेइआफू, लग्नानंतरचा सोमवार

फेलेती,

तू रस्त्याच्या पलीकडे मामांच्या घरी आहेस आणि मी इकडून पत्र लिहिते आहे. चाळीस पावलं होतील. पण भाऊबहिणींनी समोरासमोर बसून बोलायच्या या गोष्टी नव्हेत, म्हणून कालोलाइनच्या हाती देते.

तू होतास तिथे, तरी मला माझ्या बाजूने काय दिसलं ते सांगू दे.

तू येशील की नाही हे मला शनिवारी सकाळी दहापर्यंत माहीत नव्हतं. मी चटईवर बसले होते. कॅमेरा आणला होता, खोटं का बोलू, पण टोपलीत, खाली, हातपंख्याखाली दडवून. तो सोडून कुठे जायची मला सवय नाही. मागून भट्टीचा धूर येत होता आणि मी त्या धुराकडे बघायचं नाही असं ठरवून समोर बघत होते.

मग भेटी आणायला सुरुवात झाली. बायका टापा उलगडत आल्या. मागून चटया आल्या, आणि सगळ्यांत मोठी चटई ज्यांनी उचलली होती त्यांत तू होतास. पुढच्या दाराने. नवा शर्ट, आणि कान भाजलेला. भट्टीपाशी जाऊन आलाच होतास तर. चटई माझ्यापुढे ठेवलीस आणि रीतीप्रमाणे खाली बसलास, मान खाली. मला वाटलं उठशील. उठला नाहीस.

तू लेसिएलीला म्हणालास, माझ्याकडे न बघता, "तुझ्या आत्याला सांग, मी इथे बसलोय."

पोरीने मला सांगितलं, जसं काही मी बहिरी आहे. "आत्या, बाबा म्हणतात, ते इथे बसलेत."

"दिसतंय," मी म्हटलं.

"तिला विचार, ती लेन्स तांदळातच ठेवायला दिली होती का?"

तेमालेतीने तोंडावर पंखा धरला. मी टोपलीत हात घातला. कॅमेऱ्याचा पट्टा पंख्याच्या काड्यांत अडकला होता, तो सोडवला. मग मी खाकरले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. लेसिएलीला म्हटलं, "तुझ्या बाबांना विचार, काढू का?"

"काढ म्हणावं," तू म्हणालास, आणि मान वर केलीस.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. काळोख. काहीच दिसेना. वीस वर्षं हे काम करते, आणि मला वाटलं की देवाने माझे डोळे नेमके आजच नेले. मी लेन्स फिरवली, डोळा पुसला, पुन्हा लावला. काळोखच. तिकडे कोणीतरी फिसकन हसलं.

आणि तू, लेसिएलीला नाही, मला म्हणालास, "टोपण."

सहा वर्षांनी तू माझ्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द. तो माझ्या मनात राहील.

मग तू हसायला लागलास. अडीच पावलांवर, राखेचा वास येणारा, पोट धरून हसणारा. आपल्यात भावाने बहिणीपुढे असं हसायचं नसतं. कोणी हटकलं नाही. तेमालेती तेवढी म्हणाली, "अगं काढ ना आता, का याला पुन्हा रडू येईपर्यंत थांबणार आहेस?" पण तू त्यावरही हसलास.

एकच काढला. अकरा नाही.

सोबतच्या पाकिटात दोन फोटो आहेत. एक वर्तमानपत्रात गुंडाळलेला, जुना. त्याच्या बाकी सगळ्या प्रती मी काढून टाकल्या, तुझ्या हातात आहे तेवढाच उरला. फाड, जाळ, पिंपाच्या तळाशी टाक, तुझी मर्जी. दुसरा शनिवारचा. धारदार आलेला नाही, माझा हात हलला. तुझा एक डोळा स्पष्ट आहे आणि दुसरा हसण्यात गेला आहे. जुना कितीतरी चांगला आहे, कोणीही जाणकार तेच म्हणेल. मला हा आवडतो. तो काढला तेव्हा तू बघत होतास की मी बघते आहे.

हा मी कुठेही लावणार नाही. तुला लावायचा असेल तर ऑकलंडच्या घरी लाव, आणि कोणी काढला म्हणून विचारलं तर सांग.

कालोलाइन दारात उभी आहे, म्हणते, "वन्सं, आटपा, तो निघेल मासे बघायला." पाकीट तिला देते. खिडकीतून तुमचं दार नीट दिसतं इथून. ती ते पाकीट तुझ्या हातात देईल तेव्हा मी खिडकीत नसेन. बाहेर तुला खाकरल्याचा आवाज आला तर समज, मी पाठ फिरवली आहे.

उघड आता.

लोसा